अँटिऑकचा जॉर्ज : नॉर्मनांचा बिगरनॉर्मन दर्यासारंग

सिसिलीच्या नॉर्मन राज्याची थोरवी सांगताना सारे श्रेय उत्तरेकडून, फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या घोडेस्वार नॉर्मन सरदारांना दिले जाते, हे मला पटत नाही. राजा दुसरा रॉजर याला समुद्रावर जे यश लाभले, ते मुख्यतः अँटिऑकच्या जॉर्जमुळे; आणि हा जॉर्ज नॉर्मन नव्हता, ग्रीक पंथाचा, अरबी उत्तम जाणणारा ख्रिस्ती होता. आजच्या ट्युनिशियातील महदिया येथे तिथल्या राज्यकर्त्या झिरी घराण्याच्या तमीमकडे तो महसुलाचा कारभार पाहत असे, आणि ११०८ मध्ये तमीम वारल्यावर नव्या धन्याकडे आपली धडगत नाही हे ओळखून तो रॉजरच्या राजधानीला, पालेर्मोला निघून गेला.

त्याला मिळालेला किताब 'अमिरांचा अमीर', म्हणजे आपल्या बखरींतून भेटणारा 'अमीर-उल-उमराव'च. 'अ‍ॅडमिरल' हा शब्दही याच 'अमीर'मधून युरोपात रुजला.

११२३ ची रॉजरच्या आरमाराची महदियावरील स्वारी सपशेल फसली होती. ११४८ मध्ये मात्र तेच शहर जवळजवळ न लढता पडले, कारण त्याआधीची काही वर्षे तिकडे भीषण दुष्काळ होता आणि झिरींची भिस्त सिसिलीच्या धान्यावर होती. वाटेत पकडलेल्या जहाजावरची कबुतरे खोटा निरोप घेऊन पुढे धाडल्याची हकीकत इब्न अल-अथीर हा अरबी इतिहासकार सांगतो. ती मोठी रंजक आहे, पण माझ्या मते शहर जिंकले ते गव्हाने, आणि कोणाच्या कोठारात किती उरले आहे हे जाणणाऱ्या जुन्या कारकुनाने.

त्याचे गुणगान करताना ११४७ विसरून चालणार नाही. त्या वर्षी त्याने ग्रीसमधील थेब्ज आणि कॉरिंथ लुटले आणि रेशीम विणणारे कारागीर पकडून पालेर्मोला नेले. राजदरबारातील रेशमी वैभवाचे कौतुक करणाऱ्यांनी ही धरपकडही सांगावी.

पालेर्मोत त्याने बांधलेल्या, आज 'मार्तोराना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चमध्ये एका मोझेकात (रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात) तो मेरीच्या पायाशी पालथा पडलेला दिसतो (नंतरच्या डागडुजीने त्याचे पार कासव करून टाकले आहे), तर दुसऱ्यात बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राटाच्या वेषातील रॉजरला साक्षात येशू मुकुट घालतो. धन्याला असे उभे दाखवून स्वतः जमिनीला टेकणाऱ्या या माणसाला आपली जागा नेमकी ठाऊक होती, असे मला वाटते.

११५१ मध्ये तो वारला. नऊ वर्षांनी मोरोक्कोतील अल्मोहाद या मुस्लिम सत्तेने महदिया घेतले आणि पुढच्या नॉर्मन राजांना ते परत मिळवता आले नाही.