नाशिक ढोल आणि 808 बद्दल जे फिरतंय ते चुकीचं आहे

गेले दोन दिवस आपल्या नाशिकच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय की जपानच्या 808 या ड्रम मशीनमधला (तालवाद्यांचे आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) धूम आवाज म्हणजे नाशिक ढोलचंच रेकॉर्डिंग आहे. मित्रांनो, असं नाहीये. रोलँड कंपनीची ही टीआर-808 आली 1980 मध्ये आणि तिच्यात कुठल्याच वाद्याचं रेकॉर्डिंग नाही, किक (म्हणजे तोच खालचा धूम ठोका), काँगा, मराकस अशा सगळ्या वाद्यांचे आवाज सर्किटमधून तयार होतात. त्याच कंपनीच्या नंतरच्या 1983 च्या 909 मशीनमध्ये रेकॉर्ड केलेले आवाज आहेत, पण ते फक्त झांजांचे आणि हाय-हॅटचे, ढोलचे नाहीत.

आपल्या ढोलचा अभिमान मलाही आहे हो, पण त्यासाठी खोटं कशाला? गोदाकाठी सरावाला मी स्वतः माइक लावलाय, थापीच्या म्हणजे हाताने वाजवायच्या बाजूला एक आणि टिपरूच्या म्हणजे काठीने वाजवायच्या बाजूला एक, थापीचा घुमारा दर ठोक्याला थोडा वेगळा येतो, दोरी सैल झाली की आवाज उतरतो, आणि पथक रंगात आलं की लय आपोआप चढते, म्हणून त्या रेकॉर्डिंगखाली मशीनचा बीट टाकला तर चार आवर्तनांत दोघं सुटतात. ढोलाप्रमाणे मशीनची लय हलवा, उलटं करू नका. आणि थाप नि किक दोन्ही खालच्या सुरातले, एकत्र आले की नुसता गोंगाट होतो, एकाला जागा द्यावीच लागते.