सोयरिकीचा उपयोग काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डेन्मार्कच्या राजकन्या म्हणजे लग्नाच्या पटावरची प्यादी, त्यांचं कौतुक कशाला? आणि त्या सोयरिकीही फुकट गेल्या, कारण 1864 मध्ये इंग्लंडचे व्याही हातावर हात ठेवून बसले.

व्याह्यांबद्दल वाद नाही. या तीन बहिणींतली थोरली अलेक्झांड्रा, तिचं लग्न इंग्लंडच्या युवराजाशी मार्च 1863 मध्ये विंडसरला झालं आणि वर्ष उलटायच्या आत प्रशिया-ऑस्ट्रियाच्या फौजा तिच्या माहेरावर चालून गेल्या. डेन्मार्कवर हात टाकणाऱ्याची गाठ एकट्या डेन्मार्कशी पडणार नाही, असं इंग्लंडचा पंतप्रधान पामर्स्टन संसदेत बोलून बसला होता. प्रत्यक्षात इंग्लंड लढलं नाही. सासूबाई व्हिक्टोरियांचा ओढा जर्मनांकडे, थोरली नणंद प्रशियाच्या युवराजाची बायको! श्लेस्विग, होल्स्टाइन, लाउएनबुर्ग, डेन्मार्कच्या राजाचे हे तिन्ही प्रांत गेले.

पण सोयरीक म्हणजे लष्करी तह नव्हे. तिचा परिणाम एका युद्धात मोजला, तर हाती शून्यच येणार. अलेक्झांड्राने प्रशियाला जन्मभर माफ केलं नाही. 1890 मध्ये मुलगा जॉर्ज एका प्रशियन रेजिमेंटचा मानद कर्नल झाला, तेव्हा तिने त्याला पत्रातून चांगलंच फैलावर घेतलं. त्याच वर्षी ब्रिटिशांच्या ताब्यातलं, उत्तर समुद्रातलं हेलिगोलँड बेट जर्मनीला देऊ नका, असं टिपण तिने लिहिलं. कोणी ऐकलं नाही, ते सोडा. धाकटी थायरा 1878 मध्ये हॅनोव्हरच्या घराण्यात गेली, ज्यांचं राज्य प्रशियाने 1866 मध्ये गिळलं होतं. मधली डॅगमार रशियाची सम्राज्ञी. तिचा नवरा तिसरा अलेक्झांडर पुढे फ्रान्सच्या जवळ गेला, त्याचं श्रेय मी तिला देत नाही. कारणं पैशाची आणि सैन्याची होती. मात्र बर्लिनची बाजू घेणारी बायको त्याच्या घरात नव्हती. इंग्लंडच्या राजवाड्यात 1864 मध्ये काय चाललं होतं ते आठवा, म्हणजे हा फरक लक्षात येईल.

'प्यादी' या शब्दात तथ्य आहेच. डॅगमारचा ठरलेला नवरा, रशियाचा युवराज निकोलस, एप्रिल 1865 मध्ये नीसला वारला आणि पुढच्याच वर्षी तिचं लग्न त्याच्या धाकट्या भावाशी लागलं. (संसार सुखाचा झाला, हे तिचं नशीब.) अलेक्झांड्राला 1875 मध्ये नवऱ्यासोबत हिंदुस्थानात यायची फार इच्छा होती, तिला आणलं नाही. आपल्या मुंबईत त्या दौऱ्याची आठवण म्हणून काळा घोडा उभा राहिला, त्यावर स्वार अर्थातच एकटा.

तरीही 'फुकट' म्हणण्यापूर्वी एप्रिल 1919 बघा. रशियन क्रांतीनंतर क्रिमियात अडकलेल्या डॅगमारला न्यायला ब्रिटिश युद्धनौका 'मार्लबरो' आली, कारण अलेक्झांड्राने मुलाच्या, म्हणजे राजा पाचव्या जॉर्जच्या, मागे लकडा लावला होता. याच जॉर्जने 1917 मध्ये डॅगमारच्या मुलाला, झार दुसऱ्या निकोलसला, म्हणजे सख्ख्या मावसभावाला, आसरा द्यायचं टाळलं होतं. मावशीच्या बाबतीत मात्र आईपुढे त्याचं काही चाललं नाही. आणि मावशीही अशी, की सोबतच्या लोकांना नेणार नसाल तर मी येत नाही, म्हणून अडून बसली.

चौदाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राणीवर, पहिल्या मार्गरेटवर लिहा, ही तुमची सूचना मान्य. पण तिचंही लग्न दहाव्या वर्षी, 1363 मध्ये, नॉर्वेच्या राजाशी बापानेच ठरवून लावलं होतं. 1397 मध्ये स्वीडनमधल्या काल्मारला डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका राजाखाली आले, तेव्हा कारभार तिच्या हातात होता. त्यातल्या नॉर्वेत तिचा पाय शिरला, तो याच सोयरिकीमुळे.