वेल गुडघाभर, रताळं बोटभर: ‘दर पंधरवड्याला युरिया’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

उपवासाचे दिवस जवळ आले की रताळ्याचा भाव चढतो आणि त्याच सुमारास ‘एकरी उत्पादन दुप्पट’ करून देणारा एक मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरू लागतो. त्यातली शिकवण थोडक्यात अशी: वेल जितका दाट तितकं रताळं मोठं, म्हणून दर पंधरा दिवसांनी एकरी एक गोणी युरिया; लावणीनंतर महिनाभर पाणी तोडा, म्हणजे मुळं खोल जाऊन फुगतील; पुढे रताळं पोसायला लागलं की रान कायम ओलंगच्च ठेवा; काळ्या रानात पालाश (पोटॅशियम) असतोच, पोटॅश खतावर पैसे घालू नका; आणि वेलाला हात लावू नका. यातलं शेवटचं अर्धं खरं आहे. पाण्याबद्दलचं मात्र नेमकं उलटं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

‘पहिला महिना पाणी तोडा’

मेसेज लिहिणाऱ्याने रताळ्याला बटाटा समजून घेतलंय. बटाटा हे जमिनीखालचं खोड आहे, रताळं हे मूळ. वेलाचा तुकडा लावला की मातीतल्या पेऱ्यांमधून काही दिवसांत पांढरी मुळं फुटतात आणि पुढच्या पाच-सहा आठवड्यांत त्या प्रत्येक मुळाचं भवितव्य ठरतं. काही तंतुमुळंच राहतात. काहींच्या गाभ्यात नव्या पेशी तयार होत जातात, त्यात पिष्ट साठतं आणि त्यांची रताळी होतात. उरलेल्यांचा गाभा लाकडासारखा कडक होतो आणि पेन्सिलीएवढी काडी तयार होते. गाभा एकदा कडक झाला की पुढे कितीही खत-पाणी द्या, त्या काडीचं रताळं होत नाही.

म्हणजे एका वेलाला किती रताळी लागणार हे रान नुकतं हिरवं दिसू लागतं तेव्हाच जवळपास ठरलेलं असतं. या काळात माती सुकली की मुळं काडीकडे झुकतात. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती बारीकच राहतात. हवा असतो तो वाफसा, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी माती. मोसंबी-संत्र्याला बहार धरायला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, ती सवय इथे आणायची नाही.

प्रत्यक्षात पाणी असं द्यावं: सऱ्या ओलवून वरंब्यावर लावणी करायची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं आंबवणीचं (लावणीनंतरचं पहिलं) पाणी, त्यानंतर साधारण आठवड्याने चिंबवणी, म्हणजे पुढचं पाणी. पुढे हलक्या रानात सहा-सात दिवसांनी, भारी रानात दहा-बारा दिवसांनी. पण कॅलेंडरपेक्षा हात जास्त खरं बोलतो. वरंब्याच्या कडेला वीतभर खाली हात घालून मूठभर माती काढा. दाबल्यावर गोळा झाला, बोटाने टिचकी मारल्यावर फुटला आणि तळव्याला फक्त गारवा लागला, तर वाफसा आहे. गोळा होतच नसेल तर पाणी द्या. बोटांमधून पाणी किंवा चिखल येत असेल तर पाणी देऊ नका, आधी निचऱ्याकडे बघा.

बेणंही इथेच मोजावं लागतं. वेलाच्या शेंड्याकडचा 25 ते 30 सेंटिमीटरचा तुकडा, दोन ते तीन पेरे मातीत. दोन वरंब्यांत 60 आणि दोन वेलांत 20 सेंटिमीटर धरलं तर एकराला तेहतीस हजारांच्या आसपास तुकडे लागतात. बुडख्याकडचा जुनाट वेल वापरला तर मुळं उशिरा फुटतात, आणि पाण्याचे हे पाच-सहा आठवडे कितीही नीट सांभाळले तरी पीक मागेच राहतं.

‘वेल दाट, रताळं मोठं’

युरियाचा हिशेब मांडला की गोष्ट आपोआप उघडी पडते. युरियाची गोणी 45 किलोची, त्यात 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे एका गोणीत साधारण 20.7 किलो. दर पंधरा दिवसांनी एक अशा पाच गोण्या पडल्या की एकरी शंभर किलोच्या वर नत्र गेलं. रताळ्याची नेहमीची शिफारस हेक्टरी 50 ते 75 किलो नत्राची आहे, एकरी 20 ते 30. मेसेजप्रमाणे चाललं तर साडेतीन ते पाच पट.

एवढ्या नत्रावर वेल माजणारच. पानांनी तयार केलेली साखर शेंडे, देठ आणि नवी पानं ओढून घेतात, मुळांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. गालिचा इतका जाड होतो की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती कमवत काही नाहीत, खातात मात्र. शिवाय सुरुवातीलाच मातीत नत्र जास्त असेल तर मुळांचा रताळी होण्याचा कलच कमी होतो. उशिरा दिलेल्या युरियाने वेल पुन्हा पालवतो, पीक लांबतं, साल कोवळी राहते आणि काढणीत सोलून निघते.

याचा अर्थ नत्र शून्य करा असा नाही. मुरमाड रानात नत्राशिवाय वेल जमीन झाकायलाच दोन महिने घेतो, आणि पानंच नसतील तर रताळं कशावर पोसणार? एकरी 30 किलो नत्र धरलं तर युरिया 65 किलो: निम्मा लावणीला, निम्मा 30 ते 35 दिवसांनी खुरपणी करून भर लावताना, म्हणजे वरंब्यावर माती चढवताना. त्यानंतर नत्र बंद. आधीचं पीक भाजीपाला किंवा केळीचं असेल, शेणखत भरपूर पडलं असेल, तर हाही युरिया निम्म्यावर आणा.

स्फुरद (फॉस्फरस) एकरी 20 किलो, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट 125 किलो, सगळं लावणीला. त्याऐवजी डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) वापरायचं तर 43 किलो पुरतं. पण त्यातून आठ किलोच्या आसपास नत्रही जातं, ते विसरू नका: लावणीच्या हप्त्यातला युरिया 17 किलोने कमी करायचा. खत वेलाच्या तुकड्याला चिकटून टाकू नका. बोटभर नव्हे, चांगलं चार बोटं बाजूला आणि खाली, मातीआड.

‘रताळं पोसायला लागलं की रान ओलंगच्च’

पोसताना पाणी लागतं हे खरं, पण ते एकसारखं लागतं. रताळं जिवंत आहे आणि श्वास घेतं. दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की त्याला प्राणवायू कमी पडतो, सालीवरची छिद्रं फुगून पांढरट पुटकुळ्या दिसतात आणि आतून आंबूस वास येऊ लागतो. असं रताळं काढताना धड दिसतं, पोत्यात कुजतं.

दुसरी चूक याच्या उलट आणि जास्त सर्रास होणारी: वीजपुरवठ्याच्या वेळा सांभाळता सांभाळता पंधरा-वीस दिवस पाणी द्यायचं नाही आणि मग सरी तुडुंब भरायची. सुकल्या काळात साल घट्ट झालेली असते, आतला भाग अचानक फुगतो आणि रताळं उभं तडकतं. वरंबाही भेगाळतो. या भेगांतूनच सोंड्या भुंगा, ही रताळ्यावरची कीड, आत शिरतो, कारण त्याला माती खोल उकरता येत नाही. त्याच्या अळीने पोखरलेलं रताळं कडू होतं, थोडंसं पोखरलं असलं तरी खाण्याजोगं राहत नाही. म्हणून पाचव्या आठवड्यातली भर आणि साठ दिवसांच्या आसपासची दुसरी भर टाळू नये. बटाट्यात भर लावतात ती खोडाच्या फांद्यांवर माती चढवायला, इथे ती भेगा बुजवायला.

काढणीआधी दोन ते तीन आठवडे पाणी बंद. रान फारच घट्ट असेल तर काढणीच्या दोन-तीन दिवस आधी पाण्याची एक हलकी पाळी, एवढीच सूट.

‘काळ्या रानात पालाश असतोच’

यात तथ्य आहे. महाराष्ट्रातल्या अनेक काळ्या जमिनींच्या माती परीक्षणात पालाश भरपूर दिसतो. पण पीक काय घेऊन जातं ते बघा. दहा टन रताळ्यांतून साधारण 25 किलो नत्र जातं आणि पालाश 40 किलोच्या आसपास. वर वेल कापून जनावरांना घातला की त्यातलाही पालाश बांधाबाहेर गेला, आणि तो थोडाथोडका नसतो. पानात तयार झालेली साखर मुळापर्यंत नेण्याचं आणि तिथे पिष्ट होऊन साठण्याचं काम पालाशावर चालतं, त्यामुळे तुटवडा पडला की वेल ठीक दिसूनही रताळी सडपातळ राहतात. जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग करपलेल्या दिसल्या तर समजा, उशीर झालाय.

माती परीक्षणात उपलब्ध पालाश हेक्टरी 280 किलोच्या वर असेल तर मात्रा कमी करायला हरकत नाही. कोकणातल्या आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या जांभ्या लाल मातीत मात्र हा मेसेज सरळ नुकसान करतो. तिथल्या पावसाने पालाश धुऊन जातो. एकरी 30 किलो पालाश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची 50 किलोची बरोबर एक गोणी: निम्मी लावणीला, निम्मी भर लावताना. लाल मातीत हे दोन हप्ते चुकवू नयेत.

‘वेलाला हात लावू नका’

ओल्या रानात वेल जमिनीला टेकतो तिथे पेऱ्याला मुळं धरतात आणि बारीक, निरुपयोगी रताळी लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक-दोनदा वेल हलकेच उचलून ही मुळं सोडवावीत, आणि वेल होता तसाच परत ठेवावा. पालथा करून दुसऱ्या सरीत फेकला तर पानं उलटी होतात, पुन्हा उन्हाकडे वळेपर्यंत पिकाचे दिवस वाया जातात. वरची माती कोरडी असेल तर उचलायचीही गरज नाही.

दोन-तीन गोण्या आधीच टाकून झाल्या असतील तर युरिया आजच थांबवा. माजलेला वेल छाटायचा मोह टाळा. छाटला की तो पुन्हा फुटतो आणि त्या फुटव्याचा खर्च मुळांतूनच निघतो. 45 ते 50 दिवसांनी रानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले चार-पाच वेल खणून बघा. प्रत्येकी तीन-चार मुळं अंगठ्याएवढी जाड झाली असतील तर पोटॅशचा राहिलेला हप्ता आणि वाफसा सांभाळून पीक सावरतं. पीक लांबलेलं असेल तर काढणी आठ-पंधरा दिवस मागे न्यावी, त्याहून जास्त नको, कारण तेवढ्यात भुंगा वाढतो. खणल्यावर नुसत्या काड्याच निघाल्या तर त्या रानात पुढची एकही गोणी टाकू नका. वेल वैरणीला घ्या आणि त्यातले चांगले शेंडे पुढच्या लावणीच्या बेण्यासाठी वेगळे काढून ठेवा.