मुठेला मुलांची वही हवी

एप्रिल लागला तरी पकिप्सीत सकाळी हात गारठतात. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला दीड-दोन तासांवर, हडसन नदीच्या काठी आमचं हे गाव. गावातून वाहणारा फॉल किल नावाचा ओढा हडसनला मिळतो, आणि तिथेच वसंतात शंकूच्या आकाराचं एक बारीक जाळं लावलेलं असतं. माझी पंधरा वर्षांची मुलगी छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालून पाण्यात उतरते, जाळ्याचं टोक सोडते आणि आतलं सगळं बादलीत ओतते. काड्या, कुजलेली पानं, एखादं प्लॅस्टिक. पाणी निवळेपर्यंत थांबायचं. बादलीत काहीच नाही असं वाटतं, आणि मग दोन काळे ठिपके हलतात. ते डोळे असतात. बाकीचं अंग काचेसारखं आरपार, बोटाच्या दोन पेरांएवढं, आणि नीट पाहिलं तर आत कणा दिसतो. ही ईल माशाची पिल्लं. आपल्याकडे भीमेकाठी वाम म्हणतात तो मासा वेगळ्या कुळातला, पण मला पहिल्यांदा आठवली ती वामच.

ही पिल्लं अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रात जन्मतात, वर्षभर प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि गोड्या पाण्याच्या शोधात ओढ्यात शिरतात. मुलं ती मोजतात, वजन करतात, पाण्याचं तापमान लिहितात आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन सोडतात. त्या दिवशी १८३ भरली. १८१ की १८३ यावर दोन मुलांचं जुंपलं, म्हणून सगळी पुन्हा मोजली. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या देखरेखीखाली हे काम २००८ पासून हडसनच्या अनेक ओढ्यांवर चालू आहे. मुलांनी लिहिलेले आकडे खात्याच्या जीवशास्त्रज्ञांकडे जातात, कारण अमेरिकन ईलची संख्या घटलेली आहे आणि ती कुठे, कशी टिकते आहे हे कुणीतरी दरवर्षी त्याच जागी उभं राहून मोजावंच लागतं.

त्याच आठवड्यात पुण्याला फोन लावला, तर घरात मुठेच्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पावरून वाद पेटलेला. मामाचं म्हणणं, पुणेकर कित्येक वर्षं नदीकडे पाठ करून बसलेत. काठ सुधारला, चालायला रस्ता झाला, तर लोक तोंड वळवतील आणि मग घाणही कुणाला खपणार नाही. वहिनीचं म्हणणं, आधी मैलापाणी थांबवा, मग काठाचं बघा. नदीचा पसारा आवळून भिंती बांधल्या तर पूर कुठे जाईल? दोघांच्याही बोलण्यात आकडे होते. ४४ किलोमीटरचा नदीकाठ, साधारण ४,७०० कोटींचा खर्च, जपानी कर्जातून व्हायची ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं. मार्च २०२२ मध्ये पायाभरणी झाली, २०२३ मध्ये झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले, हे सगळं मला इथे बसून पाठ आहे. "तू तिकडून बोलू नकोस, तिकडे सगळं स्वच्छच असतं," असं मामा म्हणाला. ते मला लागलं, कारण ते खरं नाही.

हडसन ही अमेरिकेतल्या सर्वांत जास्त विष पचवलेल्या नद्यांपैकी एक आहे. १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांनी तिच्यात पीसीबी नावाची रसायनं सोडली. १९८४ मध्ये नदीचा ३०० किलोमीटरहून लांब पट्टा केंद्र सरकारच्या विषारी स्थळांच्या यादीत गेला. तळातला गाळ उपसायला २००९ उजाडलं आणि ते काम २०१५ पर्यंत चाललं. आजही इथला मासा खाण्याबद्दल, विशेषतः लहान मुलांसाठी आणि तरुण स्त्रियांसाठी, सावधगिरीच्या सूचना आहेत. आणि याच नदीचं पाणी शुद्ध करून आमच्या गावाच्या नळाला येतं. तेव्हा ही गोष्ट एखाद्या स्वच्छ देशाची नाही, घाण झालेल्या नदीची आहे.

फरक कुठे पडला, तो मामाला मी नीट सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते. रिव्हरकीपर नावाची संस्था २००६ पासून शास्त्रज्ञांच्या मदतीने हडसनच्या पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू मोजते. पुढे उपनद्यांवर साधे नागरिक बाटल्या घेऊन उभे राहू लागले. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दोन गोष्टी दिसल्या: पाऊस पडून गेला की जिवाणू उसळतात, कारण जुन्या गटारांत पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकत्र वाहतं, आणि मुख्य नदीपेक्षा तिला मिळणारे ओढे जास्त घाण असतात. मग लोकांनी विचारलं, मैला नदीत सुटतो तेव्हा आम्हाला का कळवत नाही? २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. मैलापाणी नदीत सुटलं की दोन तासांत खात्याला आणि चार तासांत जनतेला कळवायचं. कायद्यामागे आंदोलनं होती, वकील होते, पण हातात नोंदवही नसती तर तो प्रश्न इतका नेमका विचारता आला नसता.

पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. नंतर वाद झाला तो धरणातून किती क्युसेक सोडले आणि कधी कळवलं यावर. एका बाजूला जलसंपदा खात्याचे आकडे, दुसऱ्या बाजूला लोकांच्या आठवणी. आठवण खरी असते, पण ती सभेत टिकत नाही. वरच्या वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर पातळीची पट्टी रंगवलेली असती आणि मुलांनी चार पावसाळे ती वाचून लिहिली असती, तर त्या सकाळी बोलायला काहीतरी हातात असतं. नदीकाठ प्रकल्पाबद्दल माझं मत वहिनीच्या बाजूचं आहे: पूररेषेच्या आत भराव नको. पण माझं ते फक्त मत आहे, आणि मामाचंही फक्त मत आहे, ही माझी खरी तक्रार आहे.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. हिवरे बाजारात गावकरी दरवर्षी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. हे त्यांना कुठल्या अमेरिकन माणसाने शिकवलेलं नाही. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषय आला, त्याचं बालभारतीचं पुस्तक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. जागा आहे, पुस्तक आहे. मुलांचे पाय तेवढे पाण्यापर्यंत जात नाहीत. माझी शाळा मुठेपासून चालत पाच मिनिटांवर होती. दहा वर्षांत एकदाही आम्हाला तिथे नेलं नाही. नदीची आकृती मात्र फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी काढून घेतली.

शिक्षकांची अडचण मला खोटी वाटत नाही. वर्गात साठ मुलं, वर्षभर सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं, एखादं मूल घसरलं तर सगळा दोष त्यांच्या माथी. आणि शहरातल्या मुठेत मुलं उतरवावीत असं मी तरी म्हणणार नाही, ते पाणी अंगाला लावण्यासारखं नाही. इथे मी पाहिलं ते असं: शिक्षक एकटे नसतात. दर ऑक्टोबरात एका दिवशी न्यूयॉर्क बंदरापासून उत्तरेच्या ट्रॉय शहरातल्या धरणापर्यंत जागोजागच्या शाळा एकाच वेळी हडसनवर जातात. खारेपणा, विरघळलेला प्राणवायू, भरती-ओहोटी, जाळ्यात आलेले मासे, सगळं मोजतात. प्रत्येक ठिकाणी जाणता माणूस असतो, साहित्य असतं, पद्धत ठरलेली असते. हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. आपल्याकडे नुसतं परिपत्रक निघालं आणि फोटो अपलोड करा असं सांगितलं, तर एक शनिवार साजरा होईल आणि नोंदवही कोरी राहील.

सुरुवात पुलावरून होऊ शकते. दोरीला बांधलेली बादली, हातमोजे, तापमापक आणि एक पारदर्शक नळी, तिच्या तळाला काळी-पांढरी चकती. नळीत पाणी ओतत जायचं आणि चकती दिसेनाशी झाली की पाण्याची उंची वाचायची. उंची जितकी कमी, तितकं पाणी गढूळ. ज्यांना स्वच्छ पाण्यापासून सुरुवात करायची आहे त्यांनी रामनदीच्या उगमाकडे, खाटपेवाडीला जावं, आणि तीच नदी औंधला मुळेला मिळते तिथे पुन्हा मोजावी. वरचा आणि खालचा आकडा शेजारी लिहिला की शिक्षकांना फार बोलावं लागणार नाही.

डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा अशी एक नळी दादाच्या मुलीला देऊन आले. ती सातवीत आहे. दर रविवारी दादाबरोबर लकडी पुलावर जाते आणि रेघा मारलेल्या वहीत लिहिते. परवा तिचा फोन आला.

"आत्या, आज १४ ला दिसेनाशी झाली. मागच्या रविवारी १९ होती."

"पाऊस झाला का गं?"

"नाही. आठवडाभर कडक ऊन आहे."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाबाला सांगते, पुढच्या रविवारी आपण वरच्या अंगाच्या म्हात्रे पुलावर पण जाऊ. तिथेपण गढूळ असेल तर ते त्याच्याही वरून येतंय."