इब्न खल्दूनच्या नावावर खपवलेलं वाक्य

‘कठीण काळ कणखर माणसं घडवतो, कणखर माणसं चांगला काळ आणतात, चांगल्या काळात माणसं लेचीपेची होतात आणि लेचीपेची माणसं पुन्हा कठीण काळ ओढवून घेतात.’ हे वाक्य फॉरवर्ड होऊन सतत फिरत असतं. खाली नाव चौदाव्या शतकातल्या अरब इतिहासकाराचं, इब्न खल्दूनचं, मागे वाळवंट नि उंट. वर पुस्ती जोडलेली असते: राज्यं ऐषारामाने बुडतात हे त्याने सहाशे वर्षांपूर्वीच सांगितलं, पण त्याच्या लोकांनी त्याला विस्मृतीत टाकलं आणि युरोपने शोधून काढलं.

वाक्याचा निकाल लगेच लागतो. ते २०१६ साली आलेल्या एका अमेरिकी कादंबरीतलं आहे. इब्न खल्दून १४०६ साली कैरोत वारला. उंटाचं चित्रही उगाचच. त्याचा जन्म ट्युनिसचा, घराणं मूळचं स्पेनमधल्या सेव्हिलचं आणि हयात गेली मोरोक्कोतलं फेज, स्पेनमधलं ग्रानाडा नि कैरो इथल्या दरबारांत. मध्ये जवळजवळ दोन वर्षं फेजच्या तुरुंगातही काढली.

ऐषारामाचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. चैनीने राजघराणी सैल पडतात, असं त्याच्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात आहेच. पण त्याच्या मांडणीचा कणा वेगळा: असबिया, म्हणजे टोळीची आपसातली एकजूट. तिच्या बळावर सत्ता मिळते. मग राजाला सगळा मान एकट्यालाच हवासा वाटतो, तो आपल्याच भाऊबंदांचे पंख छाटतो आणि त्यांच्या जागी पगारी माणसं आणतो. पगार वाढले की कर वाढतात. सुरुवातीला कराचे दर कमी असूनही खजिना भरतो, शेवटी दर चढे असूनही तो रिकामा राहतो, कारण कष्ट करण्यात कुणाला राम वाटत नाही. हा हिशेब फॉरवर्डमध्ये कुठे आहे?

हे त्याला पुस्तकातून सुचलं नव्हतं. १३४७ साली फेजवर राज्य करणाऱ्या मरिनी घराण्याच्या सुलतान अबुल हसनने ट्युनिस घेतलं, तेव्हा इब्न खल्दून पंधरा वर्षांचा होता. सुलतानाने अरब टोळ्यांच्या जुन्या हक्कांना हात घातला. पुढच्याच वर्षी त्यांनी कैरवानजवळ त्याचा धुव्वा उडवला. तिकडे पोटच्या पोराने, अबू इनानने, स्वतःलाच सुलतान म्हणवून घेतलं. दूरवर मोहिमा काढणाऱ्या या माणसाला लेचापेचा कसं म्हणणार? सुटली ती एकजूट.

आता विस्मृतीचं. कैरोत अल-मक्रीझीसारखा इतिहासकार त्याला गुरू मानायचा. कैरोतल्याच इब्न हजर या विद्वानाने त्याच्यावर टीका केली, म्हणजे दखल तर घेतलीच. ऑटोमन दरबारी इतिहासकार नाइमाने, राज्याला लागलेली घरघर समजून घेताना, त्याचाच आधार घेतला. पीरीझादे या ऑटोमन विद्वानाने १७३०पर्यंत ‘मुकद्दिमा’चा बराचसा भाग तुर्कीत आणला होता. पॅरिसमध्ये त्याचे उतारे छापून येऊ लागले, ते एकोणिसाव्या शतकात.