‘भीती मरेपर्यंत जात नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जन्मानंतर माणसाच्या मेंदूत एकही नवी पेशी तयार होत नाही. म्हणून एकदा बसलेली भीती मरेपर्यंत जात नाही. डॉक्टरच्या गोळ्या फक्त गुंगी आणतात, बंद करा.’

शेजारच्या मावशींनी तो नातवाकडून वाचून घेतला आणि मला विचारलं, “हे भेव आता सरणासंगंच जाईन का व बाई?” मागच्या हंगामात पहाटे मोहफुलं वेचताना त्यांना पंधरा-वीस पावलांवर वाघ दिसला. तो आपल्या वाटेने निघून गेला. पण तेव्हापासून गोठ्यातल्या तणसावरून मांजर चाललं तरी मावशी अंथरुणात उठून बसतात, लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरून. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

‘एकही नवी पेशी नाही’ असं एके काळी पाठ्यपुस्तकांतही होतं. 1960च्या दशकात जोसेफ ऑल्टमन या संशोधकांना मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दिसल्या, पण फारसं कुणी मानलं नाही. 1998 मध्ये माणसातला पुरावा आला. कर्करोगाच्या पाच रुग्णांना उपचारादरम्यान नव्या पेशींवर खूण करणारं रसायन दिलेलं होतं. मृत्यूनंतर त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, तपासला तेव्हा तिथे खूण असलेल्या चेतापेशी सापडल्या. ही माणसं 57 ते 72 वर्षांची होती. वाद मिटला असं मात्र म्हणणार नाही. 2018 मध्ये एका गटाला प्रौढांत अशा पेशी दिसल्याच नाहीत, त्याच वर्षी दुसऱ्याला दिसल्या. 2025 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या गटाला प्रौढांच्या मेंदूत या पेशींना जन्म देणाऱ्या, विभागणाऱ्या पेशी सापडल्या. काही जणांत भरपूर, काहींत जवळजवळ नाहीच.

‘म्हणून भीती जात नाही’ यातलं ‘म्हणून’च मला खटकतं. समजा एकही नवी पेशी झाली नाही, तरी जुन्या पेशींमधली जोडणी रोज बदलते. भीतीच्या जागी पुन्हा पुन्हा सुखरूप जाऊन आलं की मेंदू ‘इथे धोका नाही’ हे नव्याने शिकतो. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर लगाम बसतो.

नव्या पेशींचं काम याहून बारीक आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला त्या मदत करतात. उंदरांत त्या वाढवल्या तेव्हा शॉक बसलेली जागा आणि तिच्यासारखीच दुसरी जागा त्यांना जास्त नीट वेगळी ओळखता आली. वाघाची सळसळ वेगळी, मांजराची वेगळी. मावशींचं नेमकं तिथेच अडलंय. नव्या पेशींची वाढ थांबवलेल्या उंदरांत ताण दिल्यावर ताणाचं संप्रेरक जास्त वेळ चढलेलं राहिलं, असंही 2011 मध्ये दिसलं. हे सगळं उंदरांतलं आहे. मावशींच्या डोक्यात अगदी हेच चाललंय असं मी छातीठोक सांगणार नाही.

गोळ्यांबद्दलचं वाक्य सगळ्यात घातक आहे. चिंतेवर बरेचदा देतात ती फ्लुओक्सेटिनसारखी औषधं झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. 2003 मध्ये क्ष-किरणांनी उंदरांतल्या नव्या पेशी थांबवल्या, तर याच औषधाचा चिंतेवरचा परिणाम दिसेना. पुढच्या काही प्रयोगांत मात्र नव्या पेशींशिवायही थोडा परिणाम दिसला, म्हणजे वाट एकच नाही. झोपेच्या गोळ्या वेगळ्या, त्यांची सवय लागू शकते. पण त्याही मनाने एकदम बंद केल्या तर त्रास उलटतो. कमी करायच्या त्या डॉक्टरला विचारूनच. दवाखाना लांब असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

वाघाचं भय पूर्ण जावं असं आमच्या भागात कुणीच म्हणणार नाही. मोहाखाली एकटीने वाकून बसणं धोक्याचंच आहे. मावशींना मी एवढंच सांगितलं की मांजराचं भय जाऊ शकतं. परवा चौघी जणी उन्हं वर आल्यावर बोलत बोलत शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, गेलो. पळसाखाली काहीतरी खसखसलं. मावशी थबकल्या, माझा हात धरला, आणि मग स्वतःच म्हणाल्या, “सरडा हाये.”