स्केलिंगने दात हलतात हा मेसेज चुकीचा आहे

आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर काल परत तोच मेसेज आला, की दवाखान्यात मशीनने दात साफ करून घेऊ नका, दात झिजतात, फटी पडतात आणि हलायला लागतात. मी डेंटल असिस्टंट आहे, रोज हे समोर बघते म्हणून लिहितेय.

स्केलिंगची मशीन दात घासत नाही, तिचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि पाण्याच्या फवाऱ्यात दातावरचं किटण सुटून येतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवून बघा, खरखरीत लागलं तर तेच ते, तिथे लाळेच्या नळ्या उघडतात म्हणून जास्त साचतं आणि ब्रशने निघत नाही. ह्याच्यावर जंतू साचून हिरड्या सुजतात, रक्त येतं, पुढे आतलं हाड झिजतं. दात हलतो तो हाड गेल्यामुळे! किटण काढलं की आधीच पडलेली फट उघडी दिसते एवढंच. थोडे दिवस गार पाणी झोंबतं हे मात्र खरंय, पण बहुतेकांचं कमी होतं.

आणि रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, मऊ ब्रशने दोन वेळा घासा आणि दाखवून घ्या. काकू, मावशी, ताई, तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.